वाटूरची जोडी

जानेवारीतला शेवटचा मंगळवार. कोंबड्या एकतीस. हजर माणसं तीन: स्वतः मामा, शेजारच्या शांताबाई आणि मी.

मामा खुराड्याच्या दाराशी तिरके उभे होते. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताची बोटं मोजणीसाठी मोकळी. "चला, पुढं सरका. दारात गर्दी करायची न्हाई. मधी लई जागा हाय." कोंबड्या एकेक करून आत जात होत्या. शेवटची आत गेली तशी मामांनी पत्र्यावर दोनदा टकटक केली आणि कडी लावली. हे रोजचंच होतं. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी दोन घंट्या दिल्याशिवाय त्याचा दिवस पुढे सुटत नव्हता.

"किती भरल्या?" शांताबाईंनी भिंतीवरून विचारलं.

"एकतीस. फुल्ल."

"आमचीच एखादी मोजली नसंल ना?"

"तुमच्या कोंबड्या बिनशिस्तीच्या हायत बाई. आमच्या गाडीत चढूच देत न्हाई मी."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याचं पूर्ण नाव फक्त पोस्टमनला माहीत असतं. बाकी सगळ्या वयाची माणसं त्याला एकाच नात्यानं हाक मारतात. आमचे हे मामा. आमची गल्ली अंबडच्या अगदी कडेला. शेवटचं घर त्यांचं, त्याच्यापुढं तुरीचं रान. बायको वारली होती, लेक पुण्याला. घरात ते आणि अंगणात या कोंबड्या.

कोंबड्यांना त्यांनी गाड्यांची नावं दिली होती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या डोक्यात काही बिघडलं की काय असं वाटलं होतं. "मंठा खुडूक बसली," ते सांगायचे. "जाफ्राबाद दोन दिवस झाले अंडं देत न्हाई, रस्ता खराब असंल." एक कोंबडा रोज संध्याकाळी शांताबाईंच्या कडुलिंबावर जाऊन बसायचा आणि पहाटे परत यायचा. त्याला मामांनी ठेवलेलं नाव 'मुक्कामी'. पुढं तो मोजणीला हजर राहायला शिकला, नाव मात्र राहिलं.

अंडी घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असायचा, "सुट्टे हायत का?" नसले तर उरलेले पैसे ते कॅलेंडरच्या कागदावर पेन्सिलीनं लिहून तो तुकडा आपल्या हातात देत. "उतरताना मागून घ्या." माझी बायको एकदा चिडून म्हणाली, "मामा, आम्ही समोरच राहतो. कुठं उतरणार आहोत आम्ही?" मामा म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. अन् मंग स्टँडवर भांडतात."

मी शाळेत हेडक्लार्क आहे. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. मामांना हे माहीत होतं, म्हणून ते मला हिशोबनीस म्हणत. आमचं जमायचं त्याचं कारण हेच असावं. दोघांनाही संध्याकाळी बेरीज बरोबर यावी लागायची.

त्या कोंबड्या मूळच्या मामींच्या. लग्नानंतर माहेराहून टोपलीत घालून आणलेल्या एका कोंबडीची ती सगळी प्रजा. रंग बहुतेकींचा तांबूस आणि मानेवर पिसं नाहीत. बघणाऱ्याला त्या आजारी वाटत. पण कडक उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या कोंबड्या चोच वासून पडत, तेव्हा या रानात किडे टिपत फिरायच्या. गावठी कोंबड्या अंबडच्या बाजारात कितीही मिळतील. उघड्या मानेच्या फक्त मामांकडे आणि मामांनी ज्यांना दिल्या त्यांच्याकडे. "हे हिचं बी हाय," ते म्हणायचे. बायकोबद्दल त्यांना एवढंच बोलता यायचं. "बी राह्यलं पाह्यजे."

बी राखायची त्यांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोंबड्यांमध्ये मर येते. मानमोडी आली की कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरते आणि मरते, तिच्यामागे सगळं खुराडं जातं. मामा दरवर्षी लस देऊन आणायचे. तरी एका वर्षी मर आलीच. त्या वेळी पहिली कोंबडी मेल्याबरोबर मामांनी उरलेल्यांतल्या धडधाकट निवडल्या आणि गल्लीत घरोघर एकेक जोडी सांभाळायला दिली. "सगळे पॅसेंजर एका गाडीत बसवायचे न्हाई. एक गाडी घाटात गेली तरी बाकीच्या पोचतात." तेव्हा खरंच तसं झालं. त्यांच्या खुराड्यात एकही वाचली नाही, चार घरांतल्या वाचल्या. मर सरल्यावर त्या परत आल्या आणि ज्यांनी सांभाळल्या त्या प्रत्येक घरी मामांनी पिल्लांची एक जोडी कायमची ठेवली. आमच्या गल्लीतल्या बहुतेक अंगणांत कोंबड्या आल्या त्या अशा. तेव्हापासून ही पद्धत म्हणजे मामांचा कायदाच झाला होता. त्यात कुणाला काही चूक दिसत नव्हती. मलाही नाही.

त्या मंगळवारी मोजलेल्या एकतिसांपैकी बुधवारी सकाळी तीन मेलेल्या निघाल्या.

मामांनी मला हाक मारली. खुराड्यासमोर पोत्यावर त्या तिघी ठेवल्या होत्या. तुरे निळे-काळे पडले होते, डोळ्यांभोवती सूज, पायाच्या कांड्यांवर लालसर ठिपके. मामांनी एकीची मान हातात धरून हलवून पाहिली. "मान मोडलेली न्हाई हिची," ते म्हणाले. "काल सांजच्याला दाणे टिपले हिनं. लस दिल्ती. मंग असं कसं?" मग उठले आणि म्हणाले, "लसच खराब निघाली असंल. जल्दी करावं लागंल."

टीव्हीवर बर्ड फ्लूच्या बातम्या चालू होत्या. कुठं कावळे मेले, कुठल्या तरी जिल्ह्यात पोल्ट्रीची शेड रिकामी केली, असं रोज दाखवत होते. पण ते सगळं लांबचं होतं, आणि कोरोनाचं पहिलं वर्ष नुकतंच सरल्यामुळे आजाराच्या बातम्यांना माणसं विटली होती. शिवाय बर्ड फ्लू म्हणजे हजारो पांढऱ्या कोंबड्यांच्या मोठ्या शेडमधला आजार अशी आमची समजूत. अंगणातल्या गावठी कोंबडीचा आणि त्याचा काय संबंध?

दुपारपर्यंत मामांनी सहा घरांत सहा जोड्या पोचवल्या. आमच्या घरी एक तांबडी आणि एक काळसर अशा दोघी आल्या. बायकोनं त्या पाण्याच्या टाकीमागे डालग्याखाली ठेवल्या. शांताबाईंच्या स्वतःच्या चौदा होत्या, त्यांच्यात मामांची जोडी गेली. शांताबाईंचं घर त्या चौदा कोंबड्यांवर चालायचं. आठवडी बाजारात अंडी विकून त्या किराणा भरायच्या. पण मामांना नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मामींच्या वेळेपासूनचा शेजार.

सगळ्यात चांगली जोडी मामांनी गल्लीत दिली नाही. एक तरुण कोंबडा आणि पहिल्यांदाच अंड्यावर आलेली तलंग. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीला धोतराचं फडकं बांधून ते स्टँडकडे निघाले. सगळ्या गल्लीनं पाहिलं.

"कुठं निघाली स्वारी?" शांताबाईंनी विचारलं.

"वाटूरला. आक्काकडं. गावात काय बी होऊ दे, ही जोडी बाहेर राह्यली पाह्यजे."

जालन्याला गाडी बदलून ते वाटूरला गेले आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन आले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिच्याही अंगणात अकरा कोंबड्या होत्या. आल्यावर मामा खुशीत होते. "फाट्यावरच गरम भजे खाल्ले. आक्का म्हणाली, तुझ्यापेक्षा तुझा कोंबडा देखणा हाय."

शुक्रवारी आमच्या डालग्याखालची काळसर कोंबडी मेली. त्याच दिवशी शांताबाईंच्या दोन मेल्या, मामांच्या नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. शनिवारी सहाही घरांत काही ना काही मेलेलं होतं. मामांच्या खुराड्यात राहिलेल्या चौदांपैकी नऊ गेल्या. बायको मला म्हणाली, "हे मानमोडीचं दिसत नाही. तुम्ही दवाखान्यात कळवा." मी जनावरांच्या दवाखान्यात फोन केला.

डॉक्टर बाई आल्या. तिशीच्या असतील. मास्कच्या वर डोळे फार थकलेले दिसत होते. त्यांनी एकाही मेलेल्या कोंबडीला हातमोज्याशिवाय हात लावला नाही, आणि त्यावरूनच मला कळायला हवं ते कळलं. नमुने घेतले. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल येईपर्यंत एकही कोंबडी, अंडं किंवा डालगं घराबाहेर न्यायचं नाही असं सांगून त्या गेल्या.

अहवाल आला त्या दुपारी त्यांनी गल्लीला मामांच्या ओट्यापाशी जमवलं. बर्ड फ्लू होता. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करावे लागतील असं त्या म्हणाल्या, आणि मग शांतपणे समजावून सांगू लागल्या. हा आजार पाणपक्ष्यांमधून येतो, ते स्वतः कधी कधी आजारी दिसतही नाहीत. विष्ठेतून, पाण्यातून, माणसाच्या चपलेला लागून, टोपलीतून, अंड्यांच्या ट्रेमधून तो पुढे जातो. कोंबडीला लागला की दोन-तीन दिवसांत संपतं.

मामा पुढे बसले होते. कंडक्टर असताना इन्स्पेक्टरपुढं बसत असतील तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मॅडम, एक इचारू का? कोंबडी आजारी दिसायच्या आधी बी तिच्यापासनं लागतो का?"

"लागतो. वरून ठणठणीत दिसते, पण आत असतं."

"म्हणजे आपण धडधाकट म्हणून निवडली, तरी तिच्यात असू शकतंय."

"हो."

मामांनी मान हलवली. मग आमच्याकडे वळले आणि मोजणीचा आकडा सांगावा तसं म्हणाले, "बिनतिकिटाचा पॅसेंजर होता. अन् मीच त्याला घरोघर उतरवून आलो."

शांताबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. तोवर त्यांच्या चौदांपैकी आठ मेल्या होत्या. डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं, काका. आणि पहिली लागण कुठून आली हे मलाही सांगता येणार नाही." हे खरं होतं. मेलेला एक कावळा आठवड्यापूर्वी मामांच्या अंगणात पडला होता. तो त्यांनी कागदात धरून रानात टाकला होता. त्यातून आलं, की रानातून, की आणखी कशातून, कोण सांगणार?

मग डॉक्टर बाईंनी कागद पुढे घेतला. कोणाकोणाकडे पक्षी दिले? सहा घरांची नावं झाली. त्यांनी लिहून घेतली.

"गावाबाहेर कुठं दिले का?"

तुम्ही तिथं असता तर तुम्हीही जमिनीकडेच पाहिलं असतं. ओट्यासमोर आम्ही बारा-पंधरा माणसं होतो आणि आम्हा सगळ्यांना वाटूर माहीत होतं. ज्यांच्या कोंबड्या मेल्या होत्या आणि ज्यांच्या मरणार होत्या, त्या सगळ्यांनी आधी काही न ठरवता तोंडं मिटली. मामी गेल्यानंतर त्या माणसाकडे जे राहिलं होतं ते आता वाटूरच्या एका अंगणात दाणे टिपत होतं. कालच आक्कांचा फोन आला होता, जोडी मजेत आहे म्हणून. शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, ताकीद होती. मी शाळेत रोज खरेखोटे दाखले तपासतो. पण तिथं माझ्याही तोंडून शब्द निघाला नाही, आणि निघावा असंही मला वाटत नव्हतं.

डॉक्टर बाईंनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"हाय," मामा म्हणाले. "वाटूरला दिली. बहिणीकडं. एक जोडी."

"अहो मामा," शांताबाई एकदम बोलून गेल्या.

"न्हाई बाई. गाडीत किती चढले अन् कुठं उतरले ते कंडक्टरनं सांगावंच लागतंय. वाटूरला फाटा हाय. तिथनं मंठ्याला, परतूरला, जालन्याला गाड्या जातात. आमच्या एका गल्लीचं असं झालं." त्यांनी डॉक्टर बाईंना विचारलं, "जोडी ठणठणीत हाय तिथं. थांबता येतं का? आठ दिवस नुसतं बघता येतं का?"

डॉक्टर बाईंनी कागदावर वाटूर लिहिलं. "काका, मला हे वर कळवावं लागेल. निर्णय माझा नसतो. पण मी खोटं बोलत नाही, थांबतील असं मला वाटत नाही. आसपास पोल्ट्रीच्या शेड आहेत."

त्या संध्याकाळी मामांनी आक्कांना फोन लावला. मामांना ऐकू कमी यायचं, म्हणून स्पीकर लावून बोलत. मी त्यांच्या ओट्यावरच होतो; मला उठून जाताही येईना.

"आक्का, उद्या माणसं येतील. पांढऱ्या कपड्यातली. भिऊ नको."

"कशाला रे? कोरोनाला आता काय राह्यलं?"

"कोंबड्या न्यायला."

"तुझी जोडी न्यायची ना? ने की मंग. तुझी तू ने."

"सगळ्या, आक्का. तुझ्या बी."

"माझ्या अकरा का म्हणून? माझ्या कुठं आजारी हायत?"

"एका खुराड्यात झोपल्या त्या."

बराच वेळ पलीकडून भांड्यांचा आवाज येत राहिला. मग आक्का म्हणाल्या, "आणल्याच कशाला तू इथं? अन् आणल्या तर सांगितलंच कशाला?" फोन बंद झाला. मामांनी तो उलटा करून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "दोन्ही सवाल बराबर हायत तिचे."

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत काम सुरू झालं. तुरीच्या रानाच्या बांधाला जेसीबीनं खड्डा घेतला, चुन्याच्या गोण्या आल्या. कामाला आलेली माणसं कुठून तरी रोजानं आणलेली होती. कोंबडी धरायचा सराव एकालाही नव्हता. शांताबाईंच्या उरलेल्या सहा कोंबड्या पत्र्यावर चढल्या आणि ती माणसं घामाघूम होऊन शिडी शोधत राहिली. लहान पोरं हसायला लागली, मोठ्यांनी त्यांना दटावलं.

मामांनी डॉक्टर बाईंना विचारलं, "मी धरून देऊ का? तुम्ही म्हणाल तसे कपडे घालतो." त्यांनी आधी नाही म्हटलं. मग पत्र्याकडे पाहिलं आणि एक किट दिलं.

पांढऱ्या किटमधले मामा आम्हालाच ओळखू येईनात, कोंबड्यांना कुठून येणार? त्यांनी हात पुढे केला की कोंबड्या लांब पळत. मामा अंगणाच्या मध्यभागी उभे राहिले. मास्कमधून आवाज दबलेला येत होता. "चला, पुढं सरका. मधी जागा हाय." एक कोंबडी खाली उतरली. मग दुसरी. शांताबाईंच्या बिनशिस्तीच्या सहाही उतरल्या आणि त्यांच्या पायाशी आल्या. शांताबाई घरात निघून गेल्या आणि दार लावून घेतलं.

मग मामांनी आमची तांबडी आमच्या डालग्यातून काढून दिली. गल्लीतल्या बाकीच्या धरून दिल्या. शेवटी स्वतःच्या पाच. त्या पाचांत 'मुक्कामी' होता. पंचनाम्यावर पंच म्हणून मी सही केली. खुराडं फवारलं, डालगी आणि टोपल्या जाळल्या, अंडी फोडून चुन्यात टाकली. वाटूरला जायची मामांची इच्छा होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही इथून तिथं जाणं बरोबर नाही, तुमच्या चपलांनीसुद्धा जाऊ शकतं." मामांनी पायातल्या चपलांकडे पाहिलं, त्या काढल्या आणि त्याही जाळात टाकल्या.

वाटूरच्या तेराही कोंबड्या त्याच दिवशी गेल्या. नष्ट करण्याआधी त्यांचे नमुने घेतले होते. त्यांचा अहवाल नंतर आला, तो मीच दवाखान्यात जाऊन विचारला, कारण मामा रोज विचारायचे. काही नव्हतं. एकीतही नव्हतं.

सांगावं की नाही, हा विचार मी रस्ताभर केला. पण मामांपुढं आकडा लपवणं मला जमलं नसतं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मी सांगितलं नसतं तर चाललं असतं."

"मामा, इथं सहा घरांत दिल्या, सहाही घरं गेली. सातवं घर वाचेल असं कोणी धरलं असतं? मीही धरलं नसतं."

"तुमचं गणित बराबर हाय हिशोबनीस. पण सातवं घर वाचलंतं."



नुकसानभरपाईचा नियम असा की जी कोंबडी सरकारनं मारली तिचे पैसे मिळतात, जी आजारानं मेली तिचे मिळत नाहीत. कोंबडीमागे नव्वद रुपये. त्यामुळे शांताबाईंच्या चौदा गेल्या, पैसे सहांचे आले. मामांनी आपल्या पाच कोंबड्यांचे पैसे बँकेतून काढून शांताबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवले. शांताबाईंनी ते उचलून मामांच्याच खिशात कोंबले. "हे घेतले तर तुम्ही माझ्या कोंबड्या मारल्या असं मी म्हणल्यासारखं होतंय. मला तसं म्हणायचं न्हाई. घरी जा." मामा घरी गेले. त्यांना शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं असं मला वाटलं.

त्या राखीपौर्णिमेला वाटूरहून राखी आली नाही. भाऊबीजेला मामा न बोलावता गेले. आक्कांनी ओवाळलं, जेवू घातलं आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मामांनी परत आल्यावर हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. "पुरणपोळी केलती," म्हणाले. "लई तूप वाढलं. पण बोलली न्हाई."

पुन्हा कोंबड्या पाळायला परवानगी मिळाली तेव्हा गल्लीनं वर्गणी काढून बाजारातून पिल्लांची एक जोडी आणली आणि मामांपुढं ठेवली. त्यांनी दोन्ही पिल्लं तळहातावर घेतली, मानेवरच्या पिसांवरून बोट फिरवलं आणि शांताबाईंकडे दिली. "तुम्ही सांभाळा. माझ्याच्यानं आता मोजणं होत न्हाई." खुराड्यात ते सरपण ठेवू लागले. संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर जायचो तेव्हा ते कधी कधी मध्येच विचारायचे, धरणावर हिवाळ्यात येणारे पक्षी कुठून येतात, किती लांबून, वाटेत कुठं कुठं उतरतात. मी मोबाइलवर शोधून सांगायचो. सायबेरिया म्हटल्यावर ते म्हणाले, "एवढ्या लांबच्या गाडीची वाट आपण कशी अडवणार?"

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी ओट्यावर झोपले ते उठले नाहीत. लेक पुण्याहून आली.

तेराव्याला आक्का आल्या. आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ऐंशीच्या घरातली, ताठ, उंच बाई. मामांचंच नाक. त्या कोणाजवळ रडल्या नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "हिशोबनीस तुम्हीच का? तो फोनवर सांगायचा, तवा बोलत व्हतो आम्ही." मग कमरेची पिशवी सोडली आणि शंभराची एक नोट, पन्नासाची एक आणि दहाच्या तीन माझ्यापुढं धरल्या.

"माझ्या खात्यात तेरांचे आले. त्यात दोन त्याच्या व्हत्या. भाऊबीजेला देणार व्हते, पण बोलायचं न्हाई असं धरून बसल्ते मी. आता कोणाला देऊ?"

"आत्या, राहू द्या तुमच्याकडंच," लेक म्हणाली.

"माझं न्हाई ते." त्यांनी लेकीचा हात ओढून घेतला, नोटा तळव्यावर ठेवल्या आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. तशीच मूठ धरून त्या बोलत राहिल्या.

"त्याला सांगायचं राह्यलं. आजारी न्हाई पडली त्याची जोडी. शेवटपर्यंत न्हाई. ती माणसं आली तवा तो कोंबडा गोठ्यावर चढला, तिथनं बाभळीवर. तिघं जण लागले त्याला धरायला. तिघं."

मी कॅलेंडरच्या कागदावर लिहून ठेवलं: एकशे ऐंशी रुपये, मामांच्या लेकीला मिळाले.